पंचवीस समोशांचे पाकीट



शाबानचा महिना अर्धा सरला की आमच्या जळगावच्या मोहल्ल्यात एक प्रश्न घरोघर फिरू लागतो. "समोसे किसको बोले?" म्हणजे यंदा रमजानच्या समोशांची ऑर्डर कोणाला दिली? कोणी म्हणते अमक्या बाजींना, कोणी म्हणते मॉलमधून कंपनीचे पाकीट आणू, कोणी म्हणते मी घरीच करून फ्रीजरला टाकणार. पाकीट कोणाचेही असो, एक गोष्ट आता जवळपास सगळ्या घरांत सारखी झाली आहे. समोसा भरला जातो शाबानमध्ये, गोठवला जातो, आणि तळला जातो रमजानमध्ये, अजानच्या आधी दहा मिनिटे.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. धुळ्याला मौलवीगंजमधल्या आमच्या घरी अस्रच्या नमाजनंतर अम्मी, दोन्ही फुफी आणि मोठ्या बहिणी ओट्यापाशी बसत. मैद्याच्या छोट्या लाट्या करायच्या, दोन-तीन लाट्यांच्या मध्ये तेल आणि कोरडे पीठ लावून त्या एकावर एक ठेवायच्या, सगळ्या मिळून एकच पातळ पोळी लाटायची, तव्यावर नुसती शेकायची आणि गरम असतानाच पदर सोडवायचे. मग सुरीने पट्ट्या कापायच्या, खिमा भरून त्रिकोण वळायचा आणि शेवटचे टोक मैद्याच्या लेईने चिकटवायचे. आम्हा मुलींकडे लेईची वाटी असे. रोजा ठेवून, धुळ्याच्या उन्हात, चुलीजवळ बसून हे सगळे रोज चाले. तीस रोजे, तीस संध्याकाळी. अब्बू आणि भाऊ मशिदीतून येईपर्यंत दस्तरखान मांडलेले असे. अम्मी मात्र खजूर तोंडात टाकून पुन्हा कढईकडे वळत असे. तिने बसून पूर्ण इफ्तार केल्याचे मला आठवत नाही.

म्हणून कोणी "आजकालच्या बायका फ्रोजन खायला घालतात" असे नाक मुरडून म्हटले की मला राग येतो. ज्या बाईला सकाळी शाळा किंवा शिलाई मशीन, दुपारी मुलांचा अभ्यास आणि रात्री तरावीह सांभाळायची आहे, तिने एका रविवारी शंभर समोसे भरून ठेवले तर तिने काही चुकीचे केले नाही. उलट इबादतीसाठी रोजचा एक तास वाचवला.

आणि साठवण करणे आपल्या खानदेशातल्या बाईला नवे कुठे आहे? उन्हाळा आला की आपल्या गच्च्या पापड, कुरडया, शेवया आणि बिबड्यांनी भरून जातात. ईदच्या शिरखुर्म्याच्या हातशेवया आमच्याकडे अशाच वाळत, आणि शेजारच्या काकूंच्या कुरडयांच्या बाजूलाच वाळत. राखणीला एकच मूल आणि एकच काठी पुरत असे. तेव्हा आपला फ्रीजर म्हणजे ऊन होते. ऊन पदार्थातले पाणी काढून टाकते, म्हणून तो टिकतो. फ्रीजर तेच पाणी बर्फ करून जागच्या जागी अडकवतो, म्हणून टिकतो. फरक इतकाच की वाळलेला पापड लाइट गेली तरी पापडच राहतो. गोठलेल्या समोशाचे तसे नाही. हा फरक मी पुस्तकात वाचला होता. समजला तो मागच्या रमजानमध्ये, आणि आज लिहायला बसले आहे ती त्याच गोष्टीसाठी.

त्याआधी या समोशाविषयी थोडे. पुष्कळांना वाटते की समोसा इथलाच आणि कायम बटाट्याचा. नाव फारसीतून आले आहे, आणि जुन्या अरबी पाकपुस्तकांत तो संबूसज या नावाने भेटतो. इब्ने बतूता चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकच्या दरबारात जेवला, तेव्हा त्याने वाढलेल्या पदार्थांत संबूसकची नोंद केली: बारीक मांस, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाला पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेला. अबुल फज्लच्या आईने-अकबरीतही तो आहे. अमीर खुसरोंच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या कोड्यांतही समोसा आहे. बटाटा तर पोर्तुगीजांच्या काळात या देशात आला, त्याचा समोसा त्यानंतरचा.

आपल्याला जवळचा दाखला मांडूचा आहे. माळव्याचा सुलतान गियासशाह, ज्याने 1469 पासून 1500 पर्यंत राज्य केले, त्याच्या दरबारात 'निमतनामा' नावाचे पाककृतींचे सचित्र पुस्तक तयार झाले आणि त्याचा मुलगा नासिरशाह याच्या काळात पूर्ण झाले. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोशाच्या अनेक कृती आहेत. मांडू म्हणजे धुळ्याच्या उत्तरेला, सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की आलेच. त्याच काळात आपल्या खानदेशावर फारुकी सुलतानांचे राज्य होते. त्यांची जुनी राजधानी शिरपूर तालुक्यातले थाळनेर, जिथे त्यांच्या कबरी आजही आहेत. थाळनेरच्या वाड्यात समोसा तळला जात होता की नाही याचा कागद माझ्यापाशी नाही, पण शेजारच्या राज्यात त्याच्या कृती लिहून ठेवल्या जात होत्या एवढे खरे.

गोठवण्याची विद्या त्या मानाने कालची. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा अमेरिकन माणूस कॅनडाच्या पूर्वेकडच्या लॅब्रडॉरमध्ये राहत होता. तिथले मूळ रहिवासी मासे पकडून कडाक्याच्या थंडीत टाकत आणि ते क्षणात गोठत. महिन्यांनंतर शिजवले तरी चव ताज्यासारखी. त्यावरून त्याने झटपट गोठवण्याचे यंत्र तयार केले, आणि 1930 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावच्या दुकानांत गोठवलेले अन्न विकायला ठेवले. त्यातले मर्म असे: पाणी हळूहळू गोठले तर बर्फाचे खडे मोठे होतात आणि पदार्थाची वीण फाडतात. म्हणून तो पदार्थ वितळला की पाणी सोडतो आणि मऊ पडतो. झटपट गोठले तर खडे बारीक राहतात. कंपन्यांचे यंत्र हे काम काही मिनिटांत करते. आपल्या घरच्या बर्फखान्याला कित्येक तास लागतात. म्हणूनच घरी समोसे एकदम पिशवीत कोंबू नयेत. ताटात सुटे मांडून आधी कडक होऊ द्यावेत, मग पिशवीत भरावेत.

आता माझी गोष्ट.

आमच्या गल्लीत एक बाजी आहेत. शौहरच्या इंतकालनंतर दोन मुलांचे शिक्षण त्यांनी याच समोशांवर चालवले आहे. बाकीचे अकरा महिने शिलाई, आणि शाबान-रमजानमध्ये समोसे. पंचवीसचे पाकीट, अडीचशे रुपये. खिमा त्या स्वतः उभे राहून काढून आणतात, कोरडा होईपर्यंत परततात, ताटात पसरून पूर्ण गार करतात, मगच त्यात कांदा-कोथिंबीर घालून भरतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. मागच्या रमजानमध्ये मी त्यांच्याकडून चार पाकिटे घेतली होती.

रमजान अर्धा झाला असेल. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सगळे एरंडोल, पारोळा करत धुळ्याला अम्मीकडे गेलो. सोमवारी दुपारी परत आलो. संध्याकाळी मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी भाभी म्हणते, आपली तीन मुले घेऊन इफ्तारला येणार होत्या. फ्रीजर उघडला. पाकिटातले समोसे एकमेकांना चिकटून एकच गोळा झाला होता. पिशवीत आतून बर्फाचा भुगा होता. फ्रिजखाली जमिनीवर पाण्याचा सुकलेला डाग होता. ट्रेमधला बर्फ मात्र नेहमीसारखा होता. मी विचार केला, प्रवासाला जाताना दार नीट लागले नसेल. घड्याळाकडे पाहिले. समोसे सुरीने सुटे केले आणि कढई ठेवली. खरपूस तळले गेले. मुलांनी आवडीने खाल्ले.

रात्री दहाच्या सुमारास भाभींचा फोन आला. धाकट्याला उलट्या होत होत्या. अर्ध्या तासात माझ्या मुलीलाही सुरू झाल्या. मलाही मळमळत होते. दोन्ही मुलांना दवाखान्यात नेले, रात्रभर सलाईन लागले. अल्हम्दुलिल्लाह, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघेही उठून बसले. डॉक्टरांनी विचारले, "काय खाल्ले होते?" भाभी म्हणाल्या, "समोसे." त्यांनी विचारले, "बाहेरचे?" भाभी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उसी बाजी के ना?" मी मान हलवली. तेवढेच. मी एक शब्दही खोटा बोलले नाही.

मंगळवारी दुपारी शेजारच्या खाला विचारपूस करायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "बेटा, तुम लोग अच्छा हुआ धुलिया में थे. इतवार को डीपी जली थी. सुबह से जो लाइट गई, सहरी के टाइम आई." मी तिथेच बसले. रविवार सकाळपासून सोमवारच्या सहरीपर्यंत. मार्च महिना, जळगावचे ऊन, बंद घर. खिमा वितळला, दिवसभर उबेत राहिला, आणि लाइट आल्यावर पुन्हा गोठला. ट्रेमधला बर्फही वितळून पुन्हा गोठला होता, म्हणून तो नेहमीसारखा दिसला. दोष बाजींच्या हाताचा नव्हताच. माझ्या फ्रीजरचा होता, आणि खुणा दिसूनही कढई ठेवणाऱ्या माझा होता.

डॉक्टरांना नंतर विचारले की इतके कडक तळूनही कसे झाले? ते म्हणाले की गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त झोपतात. अन्न उबेत आले की जागे होऊन वाढतात, आणि त्यांतले काही असे विष तयार करतात की ते तळल्या-उकळल्यानेही नाहीसे होत नाही. तपासणी न करता नेमके सांगता येणार नाही, पण इतक्या लवकर उलट्या झाल्या म्हणजे असेच काहीतरी असावे.

मंगळवारी दुपारी मला हे सगळे कळले. आणि मी शुक्रवारपर्यंत कोणाला काही बोलले नाही.

का नाही बोलले? स्वतःला मी पुष्कळ कारणे दिली. भाभी काय म्हणतील, मुलाला आपणच आजारी पाडले. सासरी नाव निघेल. शिकलेली बाई, शाळेत मुलांना विज्ञान आणि स्वच्छता सांगते, आणि घरी हे. शिवाय मी कुठे बाजींचे नाव घेतले होते? बुधवारी शाळेत एका मुलाने मित्राची वही फाडून नाव दुसऱ्याचे सांगितले, म्हणून मी त्याला वर्गासमोर उभे करून सच्चाईवर दहा मिनिटे बोलले. त्या दिवशी रोजा फार जड गेला.

एकीकडे गल्लीत बोलणे सुरू झाले होते. भाभींनी बहिणीला सांगितले, बहिणीने नणंदेला. "उनके समोसे से बच्चे एडमिट हुए." मोबाइलवरच्या बायकांच्या ग्रुपमध्ये कोणीतरी नाव न घेता लिहिले की घरगुती समोसे घेताना सावध राहा. नाव घ्यायची गरजच नव्हती.

आपण गीबत आणि बोहतान यांतला फरक मुलांना शिकवतो. पाठीमागे खरे वाईट बोलणे ही गीबत, आणि नसलेले वाईट चिकटवणे हे बोहतान. मी बोहतान बोलले नव्हते, पण दुसऱ्यांनी केलेले बोहतान माझ्या गप्प बसण्यावर उभे होते. आणि ते मोडू शकणारी एकच बाई होती. आपण हेही शिकलो आहोत की अल्लाहच्या हक्कातली कसूर अल्लाह माफ करतो, पण बंद्याच्या हक्कातली कसूर आधी त्या बंद्याकडून माफ करून घ्यावी लागते. तरावीहच्या वीस रकातींनी माझे काम होणार नव्हते. मला चार घरे पलीकडे चालत जायचे होते.

जुम्याच्या दिवशी दुपारी गेले. बाजी मशीनवर बसल्या होत्या. मी सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, उठल्या आणि एक वही आणली. त्यात तारखेवार लिहिलेले होते, कोणत्या दिवशी किती भरले आणि कोणाकडे गेले. माझ्या पाकिटासोबत भरलेली पाकिटे आणखी चार घरी गेली होती. चारही घरी खाऊन झाले होते, कोणालाही काही झाले नव्हते. वही मिटून त्या एवढेच म्हणाल्या, "आपा, आपने पूछा तो होता."

मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून मला जास्त वाईट वाटले. बुधवारी दोन ऑर्डर रद्द झाल्या. गुरुवारी त्यांनी उरलेली आठ पाकिटे नाल्यात फेकून दिली. "मुझे खुद पे शक हो गया था. किसी के बच्चे को कुछ हो जाता तो?" दोनशे समोसे. चांगले, स्वच्छ, हलाल कमाईचे. मी मंगळवारी बोलले असते तर ते वाचले असते. दोन हजार रुपये. ज्या घरात मुलाच्या परीक्षेची फी त्याच पैशांतून जायची होती, त्या घराचे.

मी पैसे दिले. त्या घेत नव्हत्या. शेवटी म्हटले की ही मदत नाही, सदका तर मुळीच नाही. माझ्यामुळे झालेले नुकसान मी भरून देते आहे, ते घेणे तुमचा हक्क आहे. तेव्हा घेतले. संध्याकाळी भाभींना फोन केला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मुझे पहले बता देती." मग ग्रुपमध्ये लिहिले, माझे नाव घालून, लाइट किती तास गेली होती ते घालून, आणि बाजींचेही नाव घेऊन, की त्यांचा काहीही दोष नव्हता. कोणी शाबासकी दिली, कोणी "जाने दो" म्हटले. रद्द झालेली एक ऑर्डर परत आली. दुसरे घर आजपर्यंत परत आलेले नाही. बोलणे किती वेगाने पसरते आणि दुरुस्ती किती हळू, हे मी तेव्हा पाहिले.

हे लिहिण्यामागे माझी कबुली आहेच, पण रमजान पुन्हा तोंडावर आहे आणि आपल्या सगळ्यांचे फ्रीजर भरत आहेत, म्हणून काही कामाच्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, नाण्याची वाटी. एका छोट्या वाटीत पाणी भरून फ्रीजरमध्ये गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवून द्या. बाहेरगावाहून आल्यावर आधी वाटी पाहा. नाणे वरच असेल तर सगळे ठीक. नाणे बर्फात खाली गेले असेल, तळाशी पोहोचले असेल, तर मधे बर्फ वितळला होता. मग मांसाचे काहीही ठेवू नका. दहा-वीस समोशांसाठी मुलांचे पोट पणाला लावू नका. इसराफची भीती मनात येते, मलाही येते, पण खराब अन्न खाऊ घालून इसराफ टळत नाही.

दुसरी, लाइट गेली तर फ्रीजरचे दार उघडू नका. गच्च भरलेला वेगळा मोठा फ्रीजर बंद राहिला तर सुमारे दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. पण ही गोष्ट मोठ्या फ्रीजरची आहे. आपल्या फ्रिजचा वरचा छोटा कप्पा आणि जळगाव-भुसावळचा उन्हाळा यात एवढा भरवसा ठेवू नये. पिशवीत अजून बर्फाचे कण असतील आणि पदार्थ हाताला फ्रिजमधल्यासारखा थंड लागत असेल तर तो लगेच शिजवून संपवता येतो. मऊ आणि कोमट झाला असेल तर फेकावा. वितळलेले पुन्हा गोठवून ठेवणे बंद करा.

तिसरी, भरताना. खिमा कोरडा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. गरम सारणाची वाफ पट्टीत शिरते, पट्टी ओली होते आणि तेलात फुटते. पण गार करायचा म्हणून दुपारभर ओट्यावरही ठेवू नका. पसरट ताटात पातळ पसरला, पंखा लावला, की अर्ध्या तासात काम होते. कांदा चिरून, चिमूटभर मीठ लावून, पिळून घाला. उकडलेल्या बटाट्याचे सारण गोठवल्यावर पाणी सोडते, त्याऐवजी मसूर किंवा वाटाणा बरा. पिशवीवर तारीख लिहा. फ्रीजर उणे 18 अंशांवर असेल तर समोसे महिना-दोन महिने चांगले राहतात, पण जुन्या एका दाराच्या फ्रिजचा बर्फखाना तितका थंड होईलच असे नाही. त्यात ठेवलेले आठ-दहा दिवसांत संपवावेत.

चौथी, तळताना. गोठलेला समोसा बाहेर काढून नरम करत बसू नका. थेट मध्यम तापलेल्या तेलात सोडा, एका वेळी थोडेच. एकदम पंधरा टाकले तर तेल गार पडते आणि पट्टी तेल पिते. आच फार मोठी असली तर वरून लाल आणि आतून गार राहतो.

पाचवी, कंपनीचे पाकीट घेताना. चौकटीतला हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, चौकटीतला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. त्रिकोण फक्त पदार्थ मांसाहारी आहे एवढेच सांगतो, जबीहा आहे की नाही हे सांगत नाही. ते वेगळे तपासा. 14 अंकी परवाना क्रमांक आणि तारीख पाहा. आणि माझ्यासारखी चूक करू नका: पाकिटातले नग एकत्र गोळा झालेले लागले, आतून बर्फाचा जाड भुगा दिसला, तर ते वाटेत किंवा दुकानात कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेले असण्याची शक्यता असते. दुकानातच परत ठेवा.

आता ज्या बहिणी समोसे विकतात त्यांच्यासाठी. घरून विकत असलात तरी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. अर्ज ऑनलाइन होतो आणि छोट्या उत्पादकाची फी नाममात्र आहे. 2020 मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना सुरू झाली. तिच्यात कर्जाशी जोडलेले, पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान ठरवले होते, आणि बचत गटातल्या सदस्याला 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल. आपल्याकडे याची चौकशी कृषी कार्यालयात करायची असते. फॉर्म मराठीत भरता येत नाही म्हणून मागे राहू नका. मोहल्ल्यातल्या कोणत्याही शिकलेल्या मुलीला बोलवा. आणि बाजींसारखी वही ठेवा. त्या दिवशी त्या वहीनेच त्यांची बाजू मांडली.

आणि आपण जे विकत घेतो, त्यांच्यासाठी. आपण मॉलमधल्या पाकिटावर छापलेली किंमत मुकाट्याने देतो आणि मोहल्ल्यातल्या बाजींकडे मात्र "पंचवीस पे दो ज्यादा डालो" म्हणतो. काही घरांचे पैसे ईदनंतर येतात, काहींचे येतच नाहीत. मजुराला त्याची मजुरी वेळेत देण्याविषयी आपल्या दीनची ताकीद सर्वांना ठाऊक आहे. ती बांधकामावरच्या मजुराइतकीच समोसा वळणाऱ्या बाईलाही लागू आहे. तिच्या बोटांवरही कढईचे डाग आहेत.

दस्तरखानवर रोज तळलेलेच हवे असेही नाही. खजूर, पाणी, फळ, आणि त्यासोबत एखादा समोसा पुरतो. आपल्या रावेर-यावलच्या केळ्याला तर फ्रीजरही लागत नाही.

यंदा बाजींच्या प्रत्येक पाकिटावर एक चिठ्ठी आहे. भरल्याची तारीख, कसे ठेवावे, लाइट गेली तर काय करावे. उर्दूत आणि मराठीत. मजकूर त्यांनी सांगितला, लिहून मी दिला. नोंदणीचा फॉर्मही आम्ही दोघींनी बसून भरला. मी यंदा सहा पाकिटे सांगितली आहेत आणि पैसे आगाऊ दिले आहेत. माझ्या फ्रीजरमध्ये डाव्या कोपऱ्यात एक स्टीलची वाटी आहे, तिच्यावर एक रुपयाचे नाणे. मुलगी दार उघडले की आधी तेच बघते आणि ओरडून सांगते, "अम्मी, ऊपर है!"

अल्लाह आपल्या रोज्यांना कबूल करो, आपल्या हातून कोणाच्या रोजीला आणि कोणाच्या नावाला धक्का लागू न देवो, आणि लागलाच तर वेळेवर कबूल करण्याची हिंमत देवो. आमीन.